घरच्या पीसीसाठी जुनं आरएक्स ५८० घ्यावं की नवं आरटीएक्स ३०५०?

घरात पीसी एकच. दिवसा त्यावर बाबांचा आंब्याच्या पेट्यांचा हिशेब आणि बहिणीचे ऑनलाइन फॉर्म, रात्री माझा गेम. अशा पीसीत गेमसाठी ग्राफिक्स कार्ड टाकायचं म्हटलं की माझ्या बजेटमध्ये फिरून फिरून दोनच नावं येत होती: सेकंडहँड आरएक्स ५८०, ८ जीबीचं, किंवा नवं आरटीएक्स ३०५०, ६ जीबीचं. पहिलं मी मामेभावाकडून आणून एक पावसाळा वापरलं. दुसरं आता घरात आहे.

खेळण्यापुरतं बोलायचं तर १०८०पीवर जीटीए ५ किंवा वॅलोरंट दोन्हींवर झकास चालतात. समोर कोणतं कार्ड लावलंय हे न सांगता खेळायला बसवलं असतं, तर मला ओळखता आलं नसतं. नव्या, जड गेममध्ये ३०५० थोडं पुढे वाटलं, त्यातही गेममध्ये डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून गेम वेगाने चालवायची सोय) असेल तर जास्तच. उलट टेक्श्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे, वर चढवायचे असतील तर ५८० ची ८ जीबी मेमरी कामी येते. आणि किंमत? मला जुनं निम्म्याहून कमी पैशांत मिळत होतं. एवढ्यावरच ठरवायचं असतं तर मीही तेच घेतलं असतं.

पण आमचं घर गुहागरला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. जून उजाडला की लाइटचा भरवसा नाही. ५८० ला १८५ वॉटपर्यंत लागतात. आमच्याकडचा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे जेमतेम ३६० वॉटचा, त्यात बॅटरी जुनी. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर सगळं मिळून भार काठावर यायचा. गेम चालू असताना लाइट गेली की यूपीएस एकदा किंचाळायचा आणि सगळं एका झटक्यात बंद. इन्व्हर्टरवरही निभाव लागला नाही. आमचा साधा आहे, लाइटवरून बॅटरीवर यायला जो क्षण घेतो तेवढ्यात पीसी रिस्टार्ट होतो. मॅच बुडाली त्याचं काही नाही. पण एका रात्री हिशेबाची फाइल मागे उघडीच राहिली होती, ती सकाळी उघडेना. ऐन सीझन संपल्यावर, उधारी वसूल करायच्या दिवसांत. बाबा काही बोलले नाहीत, वही काढून पुन्हा आकडे लिहायला बसले. ते बघून माझं ठरलं.

यात कार्डाचा दोष काहीच नाही, ते बिचारं नीट चाललं. दोष आमच्या लाइटचा आणि दमलेल्या बॅटरीचा. पण ३०५० हे ७० वॉटचं आहे. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॉट देतो, त्यामुळे बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवर केबल लागतच नाही. आता लाइट गेली तरी तोच यूपीएस बीप करत का होईना, गेम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ देतो.

किमतीतला फरकही वाटतो तेवढा राहत नाही. घरगुती पीसीच्या साध्या एसएमपीएसला (पीसीतल्या पॉवर सप्लायला) कार्डासाठीची ८ पिनची केबल सहसा नसते. मग ५८० साठी तोही नवा घ्या. कन्व्हर्टर लावून भागवणारे आहेत, मी तरी ते करणार नाही. शिवाय आमच्याकडच्या खाऱ्या हवेत जुन्या वस्तूचं आयुष्य किती, हे सांगणं कठीण. एक सेकंडहँड कार्ड बघायला गेलो होतो, त्याच्या ब्रॅकेटवर चक्क गंज होता. नव्याला निदान वॉरंटी असते.

तुमच्याकडे लाइट टिकत असेल, यूपीएस दणकट असेल आणि एसएमपीएस आधीच चांगला असेल, तर ५८० घेण्यात चूक नाही, पैसे वाचतील. पण किनाऱ्यालगत राहत असाल आणि पीसी घरातल्या सगळ्यांचा असेल, तर माझ्या मते थोडं थांबा, पैसे साठवा आणि ३०५० घ्या. फक्त खोक्यावर ६ जीबी लिहिलंय ना ते बघून घ्या. त्याच नावाचं ८ जीबीचं कार्ड १३० वॉटचं आहे, त्याला वेगळी केबल लागते.