चाळीतली सड: ट्रायकोडर्मा घ्यावं की बॅसिलस?

उन्हाळ कांदा चाळीत जायला लागला की हा प्रश्न हमखास येतो. दोन्ही जैविक, दोन्ही बुरशीवर चालतात, मग घ्यायचं कोणतं? आधी सडका कांदा हातात घ्या.

बुडाशी अंगठा दाबला आणि तो आत रुतला, चिरल्यावर तळाशी पांढरी बुरशी दिसली, तर ती फ्युजेरियमची तळकूज. ती शेतातल्या मातीतून कांद्याबरोबर चाळीत येते. इथे मी ट्रायकोडर्माच घेईन. ही स्वतः बुरशी असून दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालते, विकरांनी त्यांची भिंत विरघळवते आणि मुळांभोवतीची जागा आधीच बळकावते. पण त्यासाठी ती वेळेत मुळांपाशी पोचायला हवी. म्हणून किलोभर बियाण्याला 5 ग्रॅम चोळायची, आणि वाफ्यात चांगल्या कुजलेल्या शेणखतातून द्यायची. बियाण्याला आधीच कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक लावलेलं असेल तर ती तिथेच मरते. उन्हात तापलेल्या दुकानातला पुडाही घेऊ नका. मुदत शिल्लक असली तरी आतली बुरशी मेलेली असू शकते.

टिकण्याच्या बाबतीत बॅसिलस सबटिलिस उजवा. त्याचे बीजाणू उष्णता आणि कोरडेपणा सोसतात, शिवाय तो जिवाणू असल्यामुळे बहुतेक बुरशीनाशकं त्याला मारत नाहीत. तांबेयुक्त औषध मात्र त्याच्या टाकीत नको. इटुरिन, फेंजिसिन अशी द्रव्यं सोडून तो बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतो. सड मानेकडून उतरत असेल, तर पात हिरवी असतानाच त्याची फवारणी करा.

सालीखाली काजळ धरली असेल, बोटं काळी होत असतील, तर दोन्ही पुडे बाजूला ठेवा. ही काळी बुरशी 30 अंशांवरच्या उष्ण, दमट हवेत फोफावते आणि भरलेल्या कांद्यावर कुठलंही पाणी फवारलं की तिचंच फावतं. तिथे सुकवणच कामाची: काढलेला कांदा पातीनं झाकून शेतात 3 ते 5 दिवस, मग अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची आणि सावलीत 10 ते 12 दिवस. मान हाताला ओलसर लागली तर चाळीत टाकायची घाई नको.

निवडणीत बाजूला पडलेल्या ढिगात बुडाची सड जास्त दिसली, तर ट्रायकोडर्माची खरेदी आता नको. ती ऑक्टोबरात, रब्बीची रोपं टाकण्याआधी करा.