पणजोबांचा छापखाना आणि ग्रंथालयाचा दुसरा मजला

सार्वजनिक ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर ‘स्थानिक इतिहास कक्ष’ अशी पाटी आहे. बहुतेक सभासद तिकडे न बघता कादंबऱ्यांच्या कपाटांकडे वळतात. मला तिथे जायला कारण मिळालं ते मावश्यांच्या भांडणामुळे. आईच्या आजोबांचा छापखाना होता हे घरात सगळ्यांना ठाऊक, त्याचं नावही पाठ. पण तो नेमका कुठे होता, भागीदार कधी आला आणि कारभार कधी आटोपला, यावर दोन्ही मावश्यांचं आजतागायत एकमत नाही.

मी मुद्रितशोधक. पुस्तक हातात आलं की आधी मुद्रकाची ओळ वाचायची, ही सवय. ती सवय इथे फार उपयोगी पडली. भारतात १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण देणं बंधनकारक झालं. इंग्लंडमध्ये असा नियम १७९९ पासूनच होता. हेतू अर्थात सरकारी होता, आक्षेपार्ह मजकूर कुणी छापला ते सापडावं म्हणून. आपल्याला मात्र त्यातून फुकटात छापखान्यांची हजेरी मिळते.

कक्षातल्या ग्रंथपाल बाईंना हे सांगितलं, तर त्या मला थेट लाकडी खणांच्या कार्डांपाशी घेऊन गेल्या. संगणकावरच्या यादीत मुद्रक असा रकानाच नाही. जुन्या कार्डांवर मात्र कुणीतरी शिस्तीत, पेन्सिलीने, मुद्रणालयाचं नाव टिपून ठेवलंय. कार्डांवरून पुस्तकं निघाली, पुस्तकांवरून पत्ते. नाटकाची एक पुस्तिका, शाळेचं गणिताचं पुस्तक, कुठल्याशा संस्थेचा वार्षिक अहवाल. वाचण्यासारखं त्यात काही नाही, पण वर्षांप्रमाणे रांगेत मांडली तेव्हा छापखाना एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेलेला दिसला, आणि तिथे गेल्यावर पणजोबांच्या नावापुढे ‘आणि मंडळी’ लागलेलं. भागीदार आला तो तेव्हा. धाकटी मावशी बरोबर होती. (थोरलीला अजून सांगितलेलं नाही.)

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. घराण्याचा शोध घ्यायला येणाऱ्याने आडनाव थोडं बाजूला ठेवावं आणि पत्ता धरावा. आडनाव दर कारकून वेगळं लिहितो, आजोबांचंच नाव नातवाला असतं, आणि एकाच नावाचे दोघे एकाच पेठेत निघाले की तुम्ही भलत्याचीच वंशावळ वाढवत बसता. पत्ता धरला की व्यापारी डिरेक्टरी (धंदेवाल्यांची नाव-पत्त्यांची छापील यादी), मतदार याद्या, पालिकेचे अहवाल हे सगळं एका ओळीत येतं. मतदार यादी तर घरक्रमानेच लावलेली असते; वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव शेजारी, वयही असतं. डिरेक्टरीबद्दल एक सावधगिरी बाळगायला हवी. तिच्यावर छापलेलं वर्ष आणि माहिती गोळा केल्याचं वर्ष बहुधा एक नसतं, म्हणून एखादं नाव गळलं की लगेच माणूस गेला असं धरू नये.

रस्त्यांची नावं आणि घरांचे क्रमांक बदलतात, तिथे पत्ताही दगा देतो. यावर कक्षात जे आहे ते मला सगळ्या संग्रहात मोलाचं वाटलं. निवृत्त झालेल्या एका ग्रंथपालांनी हाताने लिहिलेली वही आहे, डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं, खाली बदलाची तारीख. ती कुठल्याही यादीत नोंदलेली नाही. मागावी लागते. अमेरिकेतल्या ग्रंथालयांत सॅनबर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे असतात, त्यांत विटांची इमारत गुलाबी आणि लाकडी पिवळी रंगवलेली. तसलं इथे काही नाही, घडीवर फाटलेला एक नकाशा आहे. हेवा वाटला.

जुनी वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर, म्हणजे पानांचे बारीक फोटो असलेल्या फिल्मच्या रिळांवर आहेत. यंत्र एकच, आणि त्याची भिंग फिरवायची चकती सैल आहे, त्यामुळे अर्ध्या तासात डोळे दुखायला लागतात. काही रिळांचे डबे उघडले की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ॲसिटेटची फिल्म विघटित होऊ लागल्याची ती खूण. पॉलिएस्टरवरची फिल्म नीट ठेवली तर पाचशे वर्षं टिकेल असं मानतात, ही मात्र टिकणार नाही. तिच्या प्रती काढायचं काम तातडीने व्हायला हवं, आणि ते होताना दिसत नाही. बातम्यांची सूचीही मोजक्याच वर्षांची आहे. मृत्यूची बातमी हवी असेल तर अंदाजे महिना तरी घरून घेऊन जा.

तिथल्या संगणकावर फॅमिलीसर्च हे वंशावळ शोधायचं संकेतस्थळही बघता येतं. अमेरिकेतल्या युटामध्ये १८९४ साली सुरू झालेल्या संस्थेचं हे काम. १९३८ पासून त्यांनी जगभरच्या नोंदींची मायक्रोफिल्म काढली, आणि २०२१ मध्ये सुमारे २४ लाख रिळांचं डिजिटायझेशन पूर्ण केलं. घरूनही फुकट बघता येतं, पण काही नोंदींच्या प्रतिमा संलग्न ग्रंथालयातच उघडतात. उपयोगी आहे, पण मला तिथे काही मिळालं नाही. छापखान्यातला माणूस जन्म-मृत्यूच्या नोंदींपेक्षा आपल्या कामातच जास्त सापडतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या यंत्रासाठी आणि दुपारी दोन तास कक्ष बंद ठेवण्याच्या पद्धतीसाठी. रीळ अर्धं बघून झालेलं असतं आणि दिवे जातात. फोटो काढू देतात, पण फ्लॅश नको, आणि आधी अर्ज भरून द्यावा लागतो. पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल न्या. रिळं आदल्या दिवशी फोन करून काढून ठेवायला सांगा. आणि वही मागताना ‘रस्त्यांची वही’ असंच म्हणा, ‘संदर्भग्रंथ’ म्हटलंत तर काउंटरवरचा नवा मुलगा ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.