थरच्या वाळूत सापांच्या मागावर : चार रात्रींच्या एका शिबिराचा अनुभव

कोल्हापुरातील एका सहल-आयोजकाने मार्चमध्ये जैसलमेरच्या पश्चिमेकडील वाळूच्या टेकड्यांमध्ये साप आणि सरडे पाहण्याचे चार रात्रींचे शिबिर भरवले होते. रेल्वेचे भाडे वगळून माणशी १४,५०० रुपये आकारले गेले आणि आम्ही नऊ जण गेलो. अहमदाबादला गाडी बदलून जैसलमेरला पोहोचेपर्यंत दोन दिवस जातात, तेवढी रजा वेगळी धरावी. पाहायला जे मिळाले त्याबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. झोपायला जे दिले त्याबद्दल मात्र नाही.

साप शोधायचा म्हणजे रात्री बॅटरी घेऊन हिंडायचे, ही माझी समजूत पहिल्याच पहाटे मोडली. आमचे स्थानिक वाटाडे, ज्यांना सगळे ‘काकोसा’ म्हणत, उजाडण्यापूर्वीच आम्हाला टेकडीवर नेत. कारण वारा सुटला की रात्रभराच्या खुणा पुसल्या जातात. फुरसे वाळूवर आडवे सरकते, त्यामुळे एकामागोमाग एक तिरके, एकमेकांपासून सुटे असे फराटे उमटतात. घोरपडीच्या पावलांच्या दोन ओळींमधून शेपटीची रेघ जाते. आणि वाळूखालून पोहल्यासारखी जाणारी, तिथे ‘रेत मछली’ म्हणून ओळखली जाणारी सापसुरळीच्या कुळातील पाल वर नागमोडी उंचवटा सोडते, जो जिथे संपतो तिथेच बहुधा ती दडलेली असते. हे वाचायला शिकणे हाच या शिबिराचा खरा ऐवज, आणि त्यासाठी काकोसांनी जी चिकाटी दाखवली तिला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

दिवसा सांडे बिळांच्या तोंडाशी ऊन खात बसलेले दिसले. हा शाकाहारी सरडा थंडीचे महिने बिळात झोपून काढतो, म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत अशी सहल कोणी विकत असेल तर विचार करावा. तिसऱ्या दिवशी गवताचे पातेही नसलेल्या एका टेकडीवर बेडकासारख्या तोंडाचा, मूठभर आकाराचा सरडा दिसला. १९७१च्या लढाईमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या लोंगेवालाचे नाव त्याच्या शास्त्रीय नावात आहे. १९७८ मध्ये वर्णन झालेली ही जात थर सोडून अन्यत्र आढळत नाही. आम्ही जवळ जाताच तो अंग थरथरवत जागच्या जागी वाळूत उतरला आणि दोन-तीन क्षणांत केवळ डोळे उरले.

रात्रीच्या फेरीत आंबोलीची सवय आडवी आली. तिथे पावसाळ्यात चापडा हा झाडावरचा साप शोधताना बॅटरी फांद्यांवर फिरवायची असते, इथे ती पुढच्या पावलाच्या वाळूवरून हलवता येत नाही. पालींचे डोळे उजेडात चमकतात, सापाचे चमकत नाहीत. दोन फुटांच्या आसपासचे एक फुरसे दिसले. कोकणातले वीत-दीड वीत फुरसे पाहिलेल्या आम्हा मंडळींना ते फुरसे आहे हे पटेना, पण वेटोळ्यातील करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून त्याने तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज काढला, तेव्हा शंका उरली नाही. कोणताही साप हाताळू दिला गेला नाही. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीच्या आठवणी सांगत एक सहप्रवासी मांडूळ उचलायला वाकले, तेव्हा शिबिरप्रमुखांनी त्यांना जागीच थांबवले. कोल्हापुरी चप्पल घालून आलेल्या दुसऱ्या एकाला तर त्या रात्री तळावरच बसवले. दोन्ही निर्णय योग्यच होते. देशात वापरल्या जाणाऱ्या प्रतिविषासाठीचे विष प्रामुख्याने तमिळनाडूतील सापांचे असते आणि राजस्थानी फुरशाच्या विषावर हे प्रतिविष अपुरे पडत असल्याचे संशोधनातून दिसून आले आहे. शिवाय जैसलमेरचे रुग्णालय तळापासून चाळीसेक किलोमीटरवर होते. तळावर चालकासह एक जीप रात्रभर उभी असे, हे सांगायला हवे.

आता तक्रार. दुसऱ्या रात्री शेकोटीपाशी काकोसांनी ‘पीवणा’ सापाची हकिगत सांगितली. झोपलेल्या माणसाचा श्वास हा साप पिऊन टाकतो, असा तिथला समज. प्रत्यक्षात ही सिंधी मण्यार. जमिनीवर निजलेल्यांना रात्री चावते, दंश बऱ्याचदा कळतही नाही, आणि तिच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. आपल्याकडे पालावर जमिनीवर झोपणाऱ्या ऊसतोड मजुरांना मण्यारीचे भय असते ते याच कारणाने. एवढे ऐकून आम्ही तंबूत परतलो, तर आमच्या गाद्या जमिनीवरच अंथरलेल्या आणि आमच्या तंबूची चेन खालच्या टोकाला तुटलेली! खाटा मागितल्यावर ‘माहितीपत्रकात खाटा लिहिलेल्या नाहीत’ असे उत्तर मिळाले. शेवटी काकोसांनी आपल्या ढाणीतून, म्हणजे वाडीतून, चार खाटा आणवल्या आणि उरलेले पाच जण जीपमध्ये व टेबलांवर झोपले. शेजारच्या तळावरील गाणी मध्यरात्रीपर्यंत चालू होती ते वेगळेच. जेवण साधे, तिखटाला कमी. सोबतचे भडंग तिसऱ्या दिवशी संपले.

आयोजकांनी ऑक्टोबरच्या शिबिराची नोंदणी सुरू केली आहे. मी नाव दिले आहे, मात्र आगाऊ रक्कम खाट आणि धडधाकट चेनीचा तंबू मिळेल असे लेखी कळवल्यानंतरच भरणार आहे.