बाजारपेठेतलं काकांचं कॅफे आणि भिंतीवरच्या दोन रेघा

चिपळुणात नवीन राहायला आलेले लोक मला सारखं विचारतात, नेट कुणाचं घेऊ? माझं काम जीएसटी आणि इन्कम टॅक्सची रिटर्नं भरायचं. ऑफिस घराच्याच तळमजल्यावर. महिन्याच्या २० तारखेला नेट गेलं की दंड माझ्या गिऱ्हाइकाला बसतो आणि बोलणी मला. म्हणून लोक मला विचारतात आणि मी एकच उत्तर देते: बाजारपेठेत काकांच्या कॅफेत जा. का, ते सांगायला मात्र वेळ लागतो, म्हणून आज सगळं लिहूनच काढते. काकांचा हिशोब दुसरे बघतात, माझा त्यांच्याशी पैशांचा संबंध म्हणजे दर महिन्याचं बिल, तेवढाच.

पाटीवर अजून ‘सायबर कॅफे’ असंच आहे. आत चार कॉम्प्युटर, झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि काउंटरवर फायबर जोडायच्या मशीनची पेटी. डावीकडच्या भिंतीवर ऑइलपेंटने मारलेल्या दोन रेघा आहेत. खालची निळी, तिच्याशेजारी २००५. वरची लाल, २०२१. लाल रेघ बघायला मान वर करावी लागते.

मी इथे पहिल्यांदा आले २००३ साली. गोवळकोटची माझी मैत्रीण मला सोबत घेऊन आली होती. तिचे अब्बा कुवेतला. आयएसडीचा फोन परवडायचा नाही, म्हणून शुक्रवारी दुपारी त्यांच्या घरातल्या बायका आलटून-पालटून इथे येत आणि याहू मेसेंजरवर बोलत. एकच हेडफोन. एक बोलायची, बाकीच्या तिच्या तोंडाकडे बघत बसायच्या. डायलअपवर आवाज तुटायचा, मध्येच अब्बांचं अर्धं वाक्य यायचं, आणि काकांनी त्या तुटलेल्या मिनिटांचे पैसे कधी लावले नाहीत. वहीत घड्याळ बघून वेळ लिहायचे, आवाज गेला की पेन्सिलीने रेघ मारायचे, परत आला की पुढे लिहायचे. तासाला ३० रुपये दर होता. गडगडायला लागलं की आधी मोडेमची टेलिफोनची वायर उपटायचे, मग आम्हाला सांगायचे, कारण कोकणातल्या विजेने त्यांचे दोन मोडेम आधीच खाल्ले होते.

२००५ मध्ये ब्रॉडबँड आलं. २५६ केबीपीएस. आज त्या वेगात एक फोटो उघडायला जीव जाईल, तेव्हा आम्ही बघतच बसलो होतो. काकांनी कर्ज काढून सहा कॉम्प्युटर केले. आणि जुलैत पूर आला.

२६ जुलै म्हटलं की सगळ्यांना मुंबई आठवते. त्याच पावसात वाशिष्ठी आणि शिव नदी आमच्या बाजारपेठेत शिरल्या होत्या. काकांनी सगळे सीपीयू आणि ते जुने अवजड मॉनिटर टेबलांवर चढवून ठेवले होते, पण पाणी एवढं आलं की टेबलंच उलटली. पाणी उतरल्यावर आम्ही कॉलेजची चार-पाच पोरं गेलो. सीपीयूच्या आत गाळ कसा बसतो, ते ज्याने काढलाय त्यालाच कळेल. रॅमच्या खाचांमध्ये टूथब्रश घालून घालून माझी बोटं सोलवटली होती. धुतलेले बोर्ड काकूंनी पिवळ्या बल्बखाली ओळीने मांडले, कारण ऊन नव्हतंच. सहापैकी दोन सुरू झाले. विमा नव्हता. काकूंच्या पाटल्या पतपेढीत गेल्या आणि गणपतीच्या आधी त्या दोन कॉम्प्युटरवर कॅफे उघडलं. निळी रेघ काकांनी तेव्हा मारली.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. निकालाच्या दिवशी रस्त्यापर्यंत रांग, बायोडाटा, श्रीलिपी या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले अर्ज, रेल्वेची तिकिटं. २०११ साली सायबर कॅफेंसाठी नियम आले: प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, रजिस्टर ठेवायचं, नोंदी वर्षभर जपायच्या, खोक्यांच्या आडभिंती साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत. सुतार बोलावून काकांनी सगळ्या पार्टिशन कापून घेतल्या. त्या कापलेल्या प्लायच्या कडांना चिकटपट्टी लावलेली होती, ती अजून आहे. पुष्कळ कॅफेवाल्यांनी तेव्हा शटर ओढलं. काकांना उलट बरं वाटलं, कारण आयाबाया आता पोरींना निर्धास्त पाठवू लागल्या.

खरा फटका बसला तो २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर. फुकट डेटा हातात असताना तासाला १५ रुपये कोण देणार? सहा महिन्यांत कॅफेत बसायला येणारी पोरं दिसेनाशी झाली. राहिली ती फॉर्म भरणारी मंडळी: शिष्यवृत्ती, सातबारा, प्रवेश. त्यावर वीजबिल निघायचं, घर चालायचं नाही.

पण त्याच्या दोन वर्षं आधीच काकांनी वायर टाकायला सुरुवात केली होती. कॅफेची लाईन शेजारच्या दोन दुकानांना दे, मग वरच्या डॉक्टरांना दे, असं करत करत त्यांनी एका मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घेतली. आधी निळ्या केबलचं जाळं, पुढे फायबर. पुतण्या शिकून तयार झाला. आज गिऱ्हाईक म्हणून आपण जे पैसे देतो ते या धंद्याचे. ज्यांना वाटतं की हे लोक नुसती वायर ओढतात, त्यांनी एकदा जोड मारताना बघावं. केसाएवढी काच, ती सोलायची, स्पिरिटने पुसायची, टोक सरळ कापायचं, मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवायची, ठिणगी पडते आणि काच वितळून एक होते. बोटाला धूळ असली तर जोड कच्चा, आणि कच्च्या जोडातून उजेड गळतो. माझ्या डब्यावर, म्हणजे फायबर येऊन जोडते त्या राउटरवर, उजेडाचा आकडा उणे २१ डीबीएमच्या (उजेडाची ताकद मोजायचं माप) आसपास आहे. उणे २७ च्या खाली गेला की नेट लंगडायला लागतं. हे मला पुतण्याने माझ्याच ऑफिसात मीटर लावून दाखवलं. कॉल सेंटरवाल्यांनी मला आयुष्यात ‘राउटर बंद करून चालू करा’ याच्यापलीकडे काही सांगितलेलं नाही.

लॉकडाउनमध्ये कॅफे बंद, पण शाळा मोबाइलवर आल्याने कनेक्शनची मागणी दुप्पट. काका-पुतणे पास घेऊन खांबावर चढत होते. तेव्हा घेतलेलं कर्ज फिटायच्या आत २०२१ उजाडलं.

२१ जुलैच्या रात्री पाऊस थांबेना. २२ ला पहाटे मी जिन्यावर बसून पाणी एकेक पायरी चढताना बघत होते. लॅपटॉप वर नेला होता, बारा वर्षांच्या फायली खालीच राहिल्या. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागलं. काकांनी २००५ चा धडा घेऊन सगळ्यांना नेट पुरवणारं मुख्य मशीन माडीवर ठेवलं होतं, ते वाचलं. जिन्याच्या वरच्या तीनच पायऱ्या कोरड्या राहिल्या होत्या. पण बॅटऱ्या खाली होत्या, त्या गेल्या. खांब वाकले, जोडाचे डबे चिखलाने भरले, आणि गिऱ्हाइकांच्या तळमजल्यावरचे राउटर जवळजवळ सगळे बुडाले. बहादूरशेख नाक्याजवळच्या वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग वाहून गेला, त्यामुळे माल यायचीही बोंब.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी चिखल तुडवत दुकानाकडे गेले. काका चौकात उलट्या क्रेटवर बसले होते, पुतण्याने वर छत्री धरलेली, मांडीवर जोडाचं मशीन, जनरेटरवर चालू. चहूबाजूंनी गाळाचा वास. आणि काका मदतीतून आलेल्या बाटलीतल्या पिण्याच्या पाण्याने बोटं धूत होते. अगदी थोडं थोडं, एकेक बोट. तेव्हा प्यायलाच पाणी पुरत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “काय करू गो, घाण बोटाने जोड बसत नाय.” बाटली बाजूला ठेवली, एक जोड मारला, मीटर लावला, मग पुढची काच उचलली. मी पंधरा मिनिटं उभी होते. तेवढ्यात तीन झाले.

वहीत त्यांनी क्रम लावला होता. आधी दवाखाने आणि औषधांची दुकानं, मग परीक्षा असलेली पोरं, मग आमच्यासारखे धंदेवाले. दोन नगरसेवकांच्या ओळखीने आलेल्यांनाही तीच वही दाखवली. माझा नंबर नवव्या दिवशी आला. जुना, दुरुस्त केलेला डबा बसवून दिला, अनामत घेतली नाही. आणि दोन महिने कुणाकडूनच बिल घेतलं नाही.

हे फुकटाचं नव्हतं. ज्या कंपनीची फ्रँचायझी आहे, तिने त्या दोन्ही महिन्यांचं पूर्ण बिल काकांना लावलं. काका ते घेऊन माझ्याकडे आले, क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, मिळेल का विचारायला. मी पुराचे फोटो, पंचनाम्याची प्रत जोडून तीन पत्रं लिहून दिली. उत्तर आलं ते एवढंच की उशिराचा आकार माफ. मूळ रक्कम काकांनी हप्त्याहप्त्याने भरली. त्याबद्दल ते दुकानात कुणाशी बोलत नाहीत, मी इथे लिहितेय कारण बिलात ५० रुपयांची घासाघीस करणाऱ्यांना हे माहीत असावं.

आता आजच्या सेवेबद्दल सरळ सांगते. माझा प्लॅन ५० एमबीपीएसचा. सकाळी ४६-४७ मिळतात. रात्री ८ ते १० मध्ये ३० वर येतं, कधी त्याखाली. हे मी तीनदा सांगितलंय. कंपनीकडून जास्त बँडविड्थ घ्यायला हवी, आणि काका ते पुढे ढकलतायत. चूक आहे. दुसरं, ॲप नाही. तक्रार व्हॉट्सॲपवर करायची, आणि रात्री दहानंतर उत्तर मिळत नाही. गेल्या ऑक्टोबरात वीज पडून आमची गल्ली दीड दिवस बंद होती, फोनही उचलला जाईना, तेव्हा मी चिडले होते. काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कसंबसं उरकलं. महामार्गाच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की मात्र मी काही बोलत नाही. पुतण्या खड्ड्यात उतरलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

दर मोठ्या कंपन्यांपेक्षा थोडा जास्त पडतो, वर १८ टक्के जीएसटी. पण बिल रीतसर देतात, जीएसटी नंबर घातलेलं, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. माझ्यासारख्यांना इनपुट क्रेडिट घेता येतं, म्हणजे बिलात भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वळता करता येतो. एका मोठ्या कंपनीकडून तेच बिल मिळवायला मला चार महिने लागले होते. कनेक्शन बंद केलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात. माझ्या बहिणीची पुण्याला बदली झाली तेव्हा २१२ रुपये तिच्या खात्यात आले. तिने ते मागितलेही नव्हते.

नवीन कनेक्शन घ्यायचं तर आधारची प्रत आणि एक फोटो घेऊन सकाळी ११ च्या आधी जा, नंतर दोघंही बाहेर असतात. घर ओढ्याच्या पलीकडे असेल तर आधी तुमच्या बाजूला खांब आहे का विचारा. खेंडीत आणि बाजारपेठेत दोन दिवसांत जोडून देतात, पागेवर आठवडा धरा. फॉर्म भरायला जाणार असाल तर काकूंकडे बसा. त्या प्रत्येक रकाना मोठ्याने वाचून दाखवतात आणि सबमिट करायच्या आधी पुन्हा विचारतात.

डबा बसवायला पुतण्या येतो. माझ्याकडे आला तेव्हा मी टेबलाशेजारची जागा दाखवली, वायर लपते म्हणून. तो म्हणाला, “ताई, पाणी कुठपर्यंत होतं ते आधी दाखवा.” भिंतीवर डाग दिसत होताच. त्याने टेप लावली, डागाच्या वर एक वीत मोजली, पेन्सिलीने खूण केली आणि स्टुलावर चढून तिथे स्क्रू मारले.