एएमटी देऊन मॅन्युअल घ्यावी का? दोन्ही गाड्या चालवल्यानंतरचा अनुभव

आमच्याकडे 1.2 लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे, पाच गियरची एएमटी, म्हणजे क्लच नसलेली, गियर आपोआप बदलणारी. घेऊन पावणेदोन वर्षं होत आली. वर्षभरातच ती देऊन मॅन्युअल घ्यायचा विषय घरात निघाला आणि मग निघतच राहिला. चिपळूणला राहणाऱ्या माझ्या चुलत भावाकडे हेच मॉडेल मॅन्युअलमध्ये आहे आणि त्याच्या डोक्यात नेमकं उलटं चाललं होतं, त्याला ऑटोमॅटिक हवी होती. शेवटी आम्ही सरळ गाड्याच बदलल्या. यंदा पावसाच्या तोंडावर त्याची गाडी पुण्यात आली, आमची कोकणात गेली, आणि दिवाळीपर्यंत तशाच राहिल्या. इंजिन तेच, बॉडी तीच, फक्त गियर कोण टाकतो एवढाच फरक. हाच प्रश्न पडलेल्या कुणालाही जमलं तर असंच करा म्हणेन. टेस्ट ड्राइव्हच्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर यातलं काहीच कळत नाही.

पुढचं सगळं एएमटीबद्दल आहे हे लक्षात घ्या. ऑटोमॅटिक म्हणून शोरूममध्ये चार वेगळे प्रकार विकतात. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि ड्युअल क्लच यांची आतली रचनाच वेगळी असते. एएमटीत मात्र मॅन्युअल गाडीचाच गियरबॉक्स आणि तशीच क्लच प्लेट असते. क्लच दाबायचं आणि गियर सरकवायचं काम ॲक्च्युएटर नावाचा यांत्रिक भाग करतो आणि कधी करायचं ते कंप्युटर ठरवतो. म्हणून ती स्वस्त पडते, मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास हजार जास्त. 2014 मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे ती आली आणि छोट्या गाडीत ऑटोमॅटिक परवडायला लागली, हे श्रेय तिला द्यायलाच हवं. माझी तक्रार आणि कौतुक दोन्ही याच रचनेतून येतात.

रोजचं रनिंग वारजे ते हिंजवडी. ज्यांना हा रस्ता माहीत आहे त्यांना भूमकर चौक म्हटलं की पुढचं सांगायला नको. संध्याकाळी परतताना गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरच्या वर जातच नाही. अशा वेळी एएमटीत ब्रेकवरचा पाय हलका केला की गाडी आपली आपण पुढे सरकते, पुन्हा ब्रेक, पुन्हा सैल. उजवा पाय एवढंच काम करतो. भावाची मॅन्युअल घेऊन तोच रस्ता पावसात केला तेव्हा घरी येईपर्यंत डाव्या पायाची पिंडरी आणि गुडघ्याची मागची बाजू भरून यायची. क्लच तसा हलका आहे, प्रश्न जोराचा नाहीच. अर्धा दाबून धरलेला पाय तासभर सोडता येत नाही, हा आहे. पहिल्या आठवड्यात वाटलं सवय होईल. सवय झाली, पाय दुखायचा तो दुखतच राहिला.

आता एएमटीच्या त्या प्रसिद्ध झटक्याबद्दल. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी क्षणभर दम खाते, मान पुढे जाते आणि मग ओढ पुन्हा येते. मागे बसलेल्या माणसाला ते जास्त जाणवतं. कारण साधं आहे: गियर बदलताना क्लच सुटतो, तेवढा वेळ चाकांना इंजिनचा जोर मिळत नाही, आणि आपण मात्र ॲक्सिलरेटर दाबून बसलेलो असतो. मॅन्युअलमध्ये गियर बदलताना आपण आपसूक पाय उचलतो. एएमटीतही तेच करायचं. बदल येणार हे आवाजावरून कळतं, साधारण दोन हजार आरपीएमच्या आसपास पाय किंचित हलका करायचा, गियर पडला की पुन्हा दाबायचा. हे अंगवळणी पडल्यावर झटका नव्वद टक्के गेला. जे मॅन्युअल बरीच वर्षं चालवून आलेत त्यांना हे लवकर जमतं. बायकोला तर माझ्याआधी जमलं.

ओव्हरटेकिंगचं दुखणं मात्र खरं आहे. उंब्रज ते पाटण हा दुपदरी रस्ता, गळीत हंगाम, पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. समोर मोकळं दिसलं म्हणून ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी आधी विचार करते, मग चौथ्यातून तिसऱ्यात येते, आणि तेवढ्यात समोरचं मोकळं संपलेलं असतं. यावर उपाय आहे आणि तो वापरायलाच हवा: गियरची दांडी एम मोडमध्ये (म्हणजे गियर आपण बदलायचा) ओढायची, ओव्हरटेकच्या आधीच तिसरा घ्यायचा आणि मग निघायचं. एकदा आधी गियर खाली घेऊन ठेवला की पुढे मॅन्युअल आणि ही यांत मला फारसा फरक लागला नाही. माझ्या ओळखीत वर्षानुवर्षं एएमटी चालवणारे असे कितीतरी आहेत ज्यांनी दांडी डी (गियर गाडीच बदलते तो मोड) सोडून कुठे नेलेलीच नाही, आणि तेच लोक गाडीला पिकअप नाही म्हणून विकायला निघतात. मनापासून सांगतो, गाडी द्यायच्या आधी महिनाभर एम मोड वापरा.

भावाची गाडी वापरताना मला एक गोष्ट उमगली आणि या सगळ्या प्रश्नाकडे बघण्याची नजरच बदलली. एएमटी चालवताना काहीतरी हातचं गेल्यासारखं वाटत होतं ते गियर असेल असं मी समजत होतो. पण गियर तर एम मोडमध्ये परत मिळतो. परत मिळत नाही तो क्लच. इंजिनचा जोर चाकांपर्यंत किती सोडायचा हे डाव्या पायाने तसूतसूने ठरवता येणं, ही मॅन्युअलची खरी मालमत्ता. आणि ती कधी लागते? दहाच्या आतल्या वेगात, तेही चढावर.

आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. वर येणारा रॅम्प चांगलाच खडा, वरच्या टोकाला लोखंडी जाळी आणि लगेच रस्ता. वॉचमनने हात केला की नाक वर करून तिथेच थांबायचं. मॅन्युअलमध्ये हाफ क्लच धरला की बॉनेट जरासं उचललं जातं, गाडीत बारीक थरथर येते, आणि ती जागच्या जागी तोलून राहते. मग इंचभर पुढे, अजून इंचभर पुढे, जाळीवरून चाक जाताना धक्काही लागत नाही. एएमटीत हिल होल्ड आहे, पण ब्रेक सोडल्यावर तो जेमतेम दोन सेकंद गाडी धरून ठेवतो. त्या दोन सेकंदांत ॲक्सिलरेटर द्यायचा. कमी दिला तर गाडी मागे यायला बघते, जास्त दिला तर जाळीवरून उडी मारून थेट रस्त्यावर. जमतं, रोज करतो, पण तिथे गाडीवर ताबा माझा नसतो, माझा आणि कंप्युटरचा भागीदारीत असतो. चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी तोलून धरायचा प्रयत्न एएमटीत अजिबात करू नका. क्लच प्लेट घासत राहते आणि थोड्या वेळात जळका वास येतो. हँडब्रेक ओढा, निघताना सोडा.

भावाकडे हाच प्रकार रोजचा. त्याचं घर टेकडीच्या वरच्या अंगाला, शेवटचा तुकडा चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जाणारा अरुंद चढ, आणि गाडी रिव्हर्स घेतच वर न्यावी लागते कारण वर वळवायला जागा नाही. पावसात त्यावर शेवाळ आणि लाल चिखल. एएमटी घेऊन गेल्यावर महिन्याभरात त्याचा फोन आला, "दादा, तुझी गाडी बाजारात जायला एक नंबर आहे, पण दारात आणताना माझा जीव वर-खाली होतो." ॲक्सिलरेटर दिला की अर्धा क्षण काहीच नाही, मग एकदम ओढ, की चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी गडग्याच्या बाजूला सरकते. मी गेलो तेव्हा स्वतः करून पाहिलं, त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. गाडीत काहीही बिघाड नव्हता. त्या जागी डाव्या पायाला पर्याय नाही.

घाटाबद्दल मात्र मला एएमटीची बाजू घ्यायची आहे. कुंभार्ली मी दोन्ही गाड्यांनी केला, चारही माणसं आणि डिकी भरलेली. हेळवाकहून खाली पोफळीकडे उतरताना एएमटी डीमध्ये ठेवली तर ती वेग वाढला म्हणून वरचा गियर घेते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. एममध्ये दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात ठेवली की इंजिनच गाडी आवरतं, थेट मॅन्युअलसारखं. चढताना डीमध्ये ती दुसऱ्या-तिसऱ्यात अडकून घोळ घालते, वळणाच्या तोंडाशी नको तेव्हा गियर बदलते. तिथेही एम. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या: आरपीएम फार चढले की एममध्येही ती स्वतःहून गियर बदलते, आणि वेगाला न झेपणारा खालचा गियर मागितला तर देत नाही. खंबाटकीला किंवा ताम्हिणीला याहून वेगळं काही करावं लागलं नाही. घाटात एएमटी चालत नाही असं सांगणाऱ्यांनी ती डीमध्येच चालवलेली असते असा माझा अंदाज आहे.

ॲव्हरेजवर फार बोलण्यासारखं नाही. शहरात दोन्ही चौदा-पंधरा, हायवेला एसी लावून वीस-एकवीस. कागदावर एएमटी वरचढ दिसते (2024 च्या नव्या स्विफ्टला कंपनीचा आकडा मॅन्युअलसाठी 24.80 आणि एएमटीसाठी 25.75 आहे), पण प्रत्यक्षात चालवणाऱ्याच्या पायावरच सगळं अवलंबून. या मुद्द्यावर गाडी बदलू नये.

दुरुस्तीचा मुद्दा मात्र वजनदार आहे. क्लच प्लेट दोन्हींत झिजते. मॅन्युअलची कुठलाही हाताशी असलेला मिस्त्री बदलून देतो. एएमटीत बदलल्यावर स्कॅनर लावून नव्या क्लचचं कॅलिब्रेशन करावं लागतं, नाहीतर गियर नीट पडत नाहीत. त्यात ॲक्च्युएटर गेला तर तो वेगळा खर्च, आणि खर्च मोठा. बॅटरी पार उतरली तर मॅन्युअल चार माणसांनी धक्का मारून दुसऱ्यात चालू होते, एएमटीला जंप स्टार्टशिवाय (दुसऱ्या बॅटरीची वायर जोडल्याशिवाय) गत्यंतर नाही. पुण्यात याची झळ कमी लागते. तालुक्याच्या गावी सर्व्हिस सेंटर दूर असेल तर हा विचार सगळ्यात आधी करा.

आता पैसे. एका डीलरकडे एक्सचेंजचा भाव काढला. गाडी बघायला आलेल्या माणसाने पेंटच्या जाडीचं मीटर चारही दारांना लावलं, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून आम्ही उठलो. त्याच्या बाजूनेही कारण आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, नवी गाडी स्वस्त झाली, तसा जुनीचा भावही खाली आला. पण मोठा फटका बसतो तो दुसरीकडे. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स 11 टक्के. आठ लाखांची मॅन्युअल घेतली तर 88 हजार तिथेच गेले, आणि जुन्या गाडीवर भरलेला टॅक्स परत मिळत नाही. शिवाय नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. एवढंच की क्लेम केला नसेल तर नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, तो नव्या पॉलिसीवर नेता येतो, विसरू नका. एएमटीसाठी जास्तीचे दिलेले पन्नास हजार वाचवायला म्हणून कुणी बदलत असेल तर हिशोब अजिबात जुळत नाही.

आणि जे आमच्यापुरतं निर्णायक ठरलं ते वहीत मांडता येत नाही. आमच्या घरात गाडी दोघं चालवतो. बायको मॅन्युअलवरच शिकली, एएमटीवर पहिल्या महिन्यापासून कोथरूड, स्वारगेट, कुठेही एकटी जायची, आईला दवाखान्यात तीच न्यायची. तिच्या डाव्या गुडघ्याचं जुनं दुखणं आहे. भावाची गाडी आल्यावर सुरुवातीला तिने चालवली, मग हळूहळू रिक्षा बोलवायला लागली. विचारलं तर म्हणाली, "चालवता येते रे, पण पोचल्यावर पायऱ्या चढवत नाहीत." ज्या गाडीमुळे घरातलं एक माणूस स्टिअरिंगवरून उठतं ती गाडी मला कितीही चालवायला आवडली तरी आमच्या घरची नाही. आणि आवडली हे खरंच आहे. सकाळी लवकर मुळशीच्या रस्त्याला तिसऱ्या-दुसऱ्याचा खेळ करत जाताना जी मजा आली ती एएमटीत कधी आलेली नाही.

तर आम्ही एएमटी ठेवतोय. भावाने ऑटोमॅटिक घ्यायचा विचार सोडून दिला, त्याच्या दारातल्या चढासाठी मीच त्याला नको म्हणालो. घ्यायचीच झाली तर टॉर्क कन्व्हर्टर चालवून बघ, आणि बघायची ती त्या चढावर रिव्हर्स घेऊन, शोरूमच्या आवारात नको, असं त्याला सांगितलंय. आम्ही आमच्या गाडीची वाढीव वॉरंटी मुदत संपायच्या आत घेऊन टाकली, ॲक्च्युएटर त्यात येतो का हे कागदावर वाचून. पुढच्या सर्व्हिसला क्लच किती झिजलाय ते तपासून सांगायला लावणार आहे, कारण चिपळूणच्या त्या चढाने त्याचा बराच भाग खाल्ला असणार.