रिझर्व्हला लागल्यावर गाडी किती जाईल? टूरिंग मोटरसायकलींच्या इंधनपल्ल्याची तुलना

लांब प्रवासासाठी मोटरसायकल निवडताना बहुतेक जण टाकी किती लिटरची आहे ते पाहतात, ॲव्हरेज विचारतात आणि दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून मोकळे होतात. हिशेब म्हणून त्यात चूक नाही. परंतु प्रवासात टाकी शेवटच्या थेंबापर्यंत कोणी रिकामी करत नाही. चालक पंपाकडे केव्हा वळतो, हे शेवटच्या तीन-चार लिटरांबाबत गाडी जे सांगते त्यावर त्याचा किती विश्वास आहे, यावरच ठरते.

आधी टाकीचा विचार करू. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएसची टाकी २० लिटरची आहे, तर होंडा एनसी ७५० एक्सची केवळ १४.१ लिटरची आणि तीही आसनाखाली. कंपन्यांच्या आकड्यांनुसार पहिली लिटरमागे सुमारे २१ कि.मी. आणि दुसरी सुमारे २८ कि.मी. जाते, म्हणजे टाकीत जवळजवळ सहा लिटरांचा फरक असूनही एकीचा पल्ला सुमारे ४२० आणि दुसरीचा ३९५ कि.मी. भरतो. जीएसच्याच ‘ॲडव्हेंचर’ आवृत्तीत ३० लिटरची टाकी मिळते खरी, पण भरलेल्या टाकीचे वाढीव वजन उंचावर येते आणि गाडी हळू वळवताना ते चांगलेच जाणवते. ज्यांच्या मार्गावर दर दीडशे किलोमीटरला पंप आहे, त्यांनी हे ओझे वाहण्यात फारसे हशील नाही.

खरा फरक रिझर्व्ह कळवण्याच्या पद्धतीत आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांवर पेट्रोल कॉक असे. त्याच्या आत एक उंच आणि एक आखूड अशा दोन नळ्या असत. उंच नळीच्या तोंडाखाली पेट्रोल गेले की इंजिन आचके देऊ लागे आणि कॉक फिरवला की आखूड नळीतून उरलेले पेट्रोल मिळे. दोन नळ्यांच्या उंचीतील फरक कायम असल्याने रिझर्व्हचे लिटर दर वेळी जवळपास तितकेच भरत, आणि अचूकतेच्या कसोटीवर ही साधी रचना आजही कमी ठरत नाही. तिचा दोष चालकाच्या विसराळूपणात होता: टाकी भरल्यानंतर कॉक पुन्हा मूळ जागी आणला नाही, तर पुढच्या खेपेला गाडी कोणताही इशारा न देता थेट कोरडी पडे. (मी हे दोनदा केले आहे.)

इंजेक्शनच्या गाड्यांत हा कॉक राहिला नाही. इंधनपंप टाकीतच बसतो, पेट्रोलमुळेच तो थंड राहतो आणि वारंवार कोरडा चालल्यास खराब होतो. त्यामुळे इंजिन आचके देईपर्यंत वाट पाहणे येथे महागात पडते. त्याऐवजी तरंगणाऱ्या फ्लोटवर चालणारा काटा किंवा पट्ट्या, आणि इशाऱ्याचा दिवा असतो. अडचण अशी, की फ्लोट पेट्रोलची उंची मोजतो, आकारमान नव्हे. मोटरसायकलची टाकी बहुधा चौकटीच्या दोन्ही बाजूंना खोगिरासारखी उतरलेली, वर रुंद आणि खाली निमुळती असते. म्हणून पहिल्या पट्ट्या रेंगाळतात आणि शेवटच्या भराभर गळतात. चढावर किंवा उतारावर पेट्रोल मागे-पुढे सरकले की आकडा आणखी बदलतो. त्यामुळे पट्ट्यांपेक्षा दिव्यावर अधिक विसंबावे, मात्र सपाट रस्त्यावर काही अंतर सलग पेटून राहिलेल्या दिव्यावरच.

त्यापुढची पायरी म्हणजे उरलेले अंतर दाखवणारा संगणक. तो इंजेक्टरने सोडलेल्या इंधनावरून अलीकडचा सरासरी खप काढतो आणि उरलेल्या पेट्रोलला लावतो. खप स्थिर असेल तोवर हा आकडा उत्तम चालतो. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० वरून १२० वर गेलात तर तो जवळपास पावणेदोन पट होतो, आणि संगणकाला हे काही अंतर कापल्यावरच कळते. याउलट यामाहाच्या अनेक गाड्यांवर दिवा लागताच शून्यापासून पुढे मोजणारा वेगळा ट्रिप मीटर सुरू होतो. तो भाकीत करत नाही, केवळ झालेले अंतर सांगतो. आणि आपल्या गाडीचा रिझर्व्ह ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी मला तोच अधिक उपयुक्त वाटतो.

म्हणून पंप विरळ असलेल्या मार्गांवर जाणाऱ्याने मोठी टाकी आणि पुढे मोजणारा मीटर यांना प्राधान्य द्यावे; महामार्गावर एकाच वेगाने चालवणाऱ्याला काटकसरी इंजिन आणि उरलेल्या अंतराचा संगणक पुरेसा आहे. दोघांनीही गाडी घेतल्यावर एकदा ताळा पाहावा: गाडी सरळ उभी करून टाकी भरावी, दिवा सलग पेटताच पुन्हा त्याच पातळीपर्यंत भरावी आणि जितके लिटर बसले ते टाकीच्या क्षमतेतून वजा करावे. उरलेला आकडा म्हणजे रिझर्व्ह. त्यातील किमान अर्धा लिटर, पंपाला न मिळणारा म्हणून, हिशेबातून सोडून द्यावा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलवर काढलेले अंतर शुद्ध पेट्रोलवरील अंतरापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी धरावे, आणि सामानाच्या पेट्या लावल्यावर हाच ताळा नव्याने घ्यावा.