टोटल लॉसनंतर जुनी गाडी: पेट्रोल की डिझेल?

मावसभावाची गाडी ठोकली. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला, म्हणजे टोटल लॉस: दुरुस्ती नाही, कंपनी गाडीचे पैसे देते. विम्याच्या पैशांत आता जुनी गाडी घ्यायची आहे, पण कुठली? जाहिरातीतलं अ‍ॅव्हरेज सोडून बोलू.

इंधनात डिझेल जिंकतं: लिटरमागे स्वस्त आणि धावतंही जास्त. पण रत्नागिरी ते हातखंबा एवढीच रोजची फेरी असेल तर ती बचत एका इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बिलात जाते.

देखभालीत खरी मेख आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचे कडक निकष) डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. त्यातली काजळी जळायला सलग हायवेवर पळवावं लागतं. बाजार-शाळा-घर एवढंच केलं की डॅशबोर्डवर दिवा पेटलाच समजा. पेट्रोलला प्लग, ऑइल, फिल्टर, विषय संपला.

घाटात मात्र डिझेलच. पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू आणि आंबा घाट. छोटं पेट्रोल इंजिन तिथे सारखं गिअर उतरवायला लावतं.

गंजाला इंधनाचं सोयरसुतक नाही. खाऱ्या हवेत दाराच्या खालच्या कडा आणि स्टेपनीखालचा पत्रा आधी बघा. सीटबेल्ट पूर्ण ओढा. टोकाला चिखलाचा डाग दिसला तर गाडी पुरातली असू शकते. चिपळूणचा २०२१ चा पूर आठवा.

गावातल्या गावात फिरणाऱ्याने पेट्रोल घ्यावी. दर आठवड्याला कोल्हापूर-मुंबई करणाऱ्याने, सर्व्हिस रेकॉर्ड असेल तरच, डिझेल. भाऊ शाळेत मास्तर आहे, शाळा घरापासून जवळच. त्याला पेट्रोलच सांगितली.